हिरवं पान आधी वाळतं, मगच पेटतं?

वणव्याबद्दल एक समज पक्का रुजलाय: आगीची धग लांबूनच पानातलं सगळं पाणी उडवते आणि वाळलेलं पान मग पेट घेतं. सरसकट असं होत नाही.

धग, म्हणजे प्रारणातून येणारी उष्णता, जाडसर भागांवर चांगली काम करते. मिलिमीटरभर जाडीच्या सुईसारख्या पानाला मात्र ती तापवत असतानाच भोवतालची गार हवा त्यातली बरीचशी उष्णता काढून नेते. ज्वाळेचा झोत आला की खेळ उलटतो. शेकडो अंशांची हवा पानाला चहूबाजूंनी भिडते आणि कडा क्षणात पेटतात, आत पाणी असतानाच! पेशी तर 60 अंश सेल्सिअसच्या आसपासच मेलेल्या असतात. पृष्ठभाग 200 अंशांपुढे गेला की हेमिसेल्युलोज आणि 300 पुढे सेल्युलोज, हे पेशींच्या भिंतींचे घटक, झपाट्याने विघटित होतात. जळतात ते त्यातून सुटलेले वायू.

तापण्याचा वेगही महत्त्वाचा. सावकाश तापवलेल्या पानातून कोळसा जास्त उरतो, झटक्यात तापवलेल्यातून डांबरी वाफा जास्त निघतात. त्यामुळे नुसत्या हीटरखाली धरलेल्या पानावरून वणव्याचं गणित मांडणं फसवं.

ओलाव्यामुळे पान पेटायला उशीर लागतो, हे खरंच. पण 100 टक्के ओलावा म्हणजे कोरड्या वजनाइतकंच पाणी, आणि तेवढं असूनही पान पेटू शकतं.