इंग्रजी ऐकताना त्या दोन सेकंदांत काय होतं?

सुट्टी लागली की चौकाचौकात फलक लागतात: ‘आत्मविश्वास वाढवा, 30 दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला!’ मराठी माध्यमातल्या मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं ते न्यूनगंडामुळे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच.

1974 साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ‘कार्यकारी स्मृती’ची कल्पना मांडली. हाताशी असलेलं काम होईपर्यंत लागणारी माहिती मेंदू इथे धरून ठेवतो. तिचा एक भाग फक्त ध्वनींसाठी असतो. सुमारे दोन सेकंदांत मनातल्या मनात जेवढं म्हणता येईल, साधारण तेवढंच त्यात टिकतं. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो पुटपुटत राहतो, ते यासाठीच.

आता आठवीतल्या मुलीच्या कानावर ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू डू’ हे वाक्य येतं. पुस्तकात हे सहा सुटे शब्द आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस भरभर बोलताना ‘व्हॉड्या वॉना डू’ असं काहीतरी म्हणतो, कारण इंग्रजीत आघात नसलेली अक्षरं आकसतात. त्या सलग आवाजातून शब्द सुटे करायचे, ते ओळखायचे, अर्थ लावायचा आणि हे सगळं पुढचं वाक्य येऊन थडकायच्या आत! सराव असलेल्याचं हे काम आपसूक होतं. नवशिक्याची मात्र सगळी जागा त्यातच भरून जाते.

त्यात भीती शिरते. काळजी बहुतेक वेळा शब्दांतच चालते: ‘मला नाही कळणार, सगळे हसतील.’ मनातलं हे बोलणंही त्याच ध्वनींच्या जागेत चालतं. एका जागेचे दोन दावेदार झाले, की ऐकलेलं वाक्य अर्थ लागण्याआधीच पुसलं जातं. वाचताना निदान डोळे मागे नेता येतात. पण वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायला लावलं, की सगळं लक्ष उच्चारांवर जातं. धडा वाचून होतो आणि त्यात काय होतं ते सांगता येत नाही.

मग आत्मसन्मान वाढवला की झालं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान आणि शाळेतलं यश यांचा संबंध बेताचाच निघाला, आणि तोही काही अंशी उलट्या दिशेचा: आधी जमतं, मग स्वतःबद्दल बरं वाटतं. नुसता आत्मसन्मान फुगवून गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा ‘अवचेतन मन जागृत करून इंग्रजी’ शिकवणाऱ्यांना फी देण्याआधी पालकांनी पुरावा मागावा.

वर्गात करण्यासारखं बरंच आहे, आणि ते फुकट आहे. ध्वनिफीत लावण्याआधी प्रश्न दाखवावेत, म्हणजे काय पकडायचं ते ठाऊक असतं. एकच तुकडा दोनदा-तीनदा ऐकवावा, नंतर तोच छापील स्वरूपात समोर ठेवून पुन्हा ऐकवावा. मोठ्याने वाचायचा उतारा आधी मनात वाचू द्यावा. आणि एखादीचं उत्तर चुकलं तर वर्गाला हसू देऊ नये.