हिमनदी वितळते, पर्माफ्रॉस्ट नाही

‘पर्माफ्रॉस्ट वितळतोय’ असा मथळा आणि खाली समुद्रात कोसळणाऱ्या हिमनदीचं चित्र. हे मला फार खटकतं. गोव्यात तर जास्तच, कारण आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन स्थानक आहे आणि त्याचा कारभार आपल्या वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो.

हिमनदी सगळ्यांना माहीत आहे: साचलेलं हिम दबून झालेला, उताराने सरकणारा बर्फ. पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान २ वर्षं शून्य अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली राहिलेली जमीन. माती, रेती, खडक, काहीही. तिच्यात बर्फ असायलाच हवा असं नाही, म्हणून ‘कायमचा बर्फ’ हे भाषांतर मला मुळीच मान्य नाही.

खरी गफलत ‘वितळणे’ या शब्दात आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या, बेगमीत आता फ्रीझरमधले बांगडेही असतात. समजा, शेजारी बर्फाचा ट्रे आहे आणि भर पावसात रात्रभर वीज गेली. सकाळी ट्रेमध्ये पाणी. वीज आली की त्याचा पुन्हा बर्फ होईल, काही बिघडलं नाही. बांगड्याचं मात्र पाणी होत नाही. तो नरम पडतो आणि कुजायला लागतो. मग कितीही गोठवा, गेलेला ताजेपणा येत नाही.

पर्माफ्रॉस्टचं नेमकं हेच होतं. हजारो वर्षांपूर्वीची मुळं, पानं, प्राण्यांचे अवशेष त्यात कुजायचे राहून गेलेत. उत्तरेकडच्या या जमिनीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. गोठणं सुटलं की सूक्ष्मजीव कामाला लागतात. कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड निघतो, हवा न पोचणाऱ्या पाणथळीत मिथेनही. उन्हाळ्यात वरचा थर सुटतो आणि थंडीत परत गोठतो, ते नेहमीचंच. काळजी आहे ती सुटणारा थर दरवर्षी खोल जाण्याची.

मातीतल्या बर्फाच्या पाचरी मात्र खरोखर वितळतात. मग जमीन खचते, झाडं कलतात, खड्ड्यांत तळी होतात. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात इमारती खांबांवर उचलून बांधतात, ते घरातली ऊब जमिनीत उतरू नये म्हणून.

‘पर्माफ्रॉस्टच्या पाण्याने आपली खाजनं (खाडीकाठची सखल शेतं) बुडतील’ हेही चूक. समुद्र चढतो तो तापून फुगणाऱ्या पाण्यामुळे आणि हिमनद्या, ग्रीनलँड, अंटार्क्टिका यांच्या बर्फामुळे. पर्माफ्रॉस्टचा हात त्यात कार्बनमार्गे, हवा आणखी तापवून.

म्हणून मी ‘जमिनीचं गोठणं सुटलं’ असंच लिहितो. ‘वितळणे’ हिमनदीसाठी राखून ठेवतो.