नीड-ब्लाइंड आणि फुल-नीड: प्रवेशाचं आश्वासन वेगळं, पैशाचं वेगळं

अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांच्या माहितीत नीड-ब्लाइंड आणि फुल-नीड हे दोन शब्द बहुतेक वेळा जोडीनेच येतात. दोन्ही गरजू विद्यार्थ्याच्या बाजूचे, त्यामुळे एकाच धोरणाची ही दोन नावं असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं आश्वासन प्रवेश समितीचं आहे, दुसरं फायनान्शिअल एड ऑफिसचं. एक दिलं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही.

नीड-ब्लाइंड म्हणजे निवड करताना कुटुंबाची फी भरण्याची ऐपत विचारात घ्यायची नाही. येल १९६६ पासून हे धोरण पाळत आलं आहे. फुल-नीडचा संबंध निवड झाल्यानंतरच्या हिशेबाशी. वर्षाच्या एकूण खर्चातून कुटुंबाला झेपेल तेवढी रक्कम वजा करायची आणि उरलेली सगळी गरज भागवायची जबाबदारी कॉलेजने घ्यायची. मात्र किती झेपेल हे ठरवतं कॉलेजच, आणि मदतीत कर्जही असू शकतं. प्रिन्स्टनने २००१ मध्ये मदतीतलं कर्ज काढून त्या जागी अनुदान दिलं, तो फरक मला फार मोठा वाटतो.

आता नीड-ब्लाइंड आहे पण फुल-नीड नाही असं कॉलेज घ्या. समजा, वर्षाचा खर्च ८०,००० डॉलर, घरच्यांना झेपतील २०,००० आणि मदत मिळाली ३५,००० ची. उरलेले २५,००० कुठून आणायचे याचं उत्तर कॉलेजकडे नसतं. प्रवेशपत्र हातात आहे, पण जाता येत नाही. कॉलेज मात्र आपण कुणाचीही ऐपत पाहिली नाही असं खरेपणाने सांगू शकतं. घरच्यांनी हट्टाने कर्ज काढलं तर त्याचं ओझं मुलावर पदवीनंतर कितीतरी वर्षं राहतं.

याच्या उलट वाट वेस्लियन विद्यापीठाने २०१२ मध्ये धरली. मदतीचं बजेट पुरेल तिथपर्यंत ऐपत पाहायची नाही, उरलेल्या जागांसाठी पाहायची, पण ज्यांना घेऊ त्यांची पूर्ण गरज भागवायची. याला नीड-अवेअर म्हणतात. त्यावर टीका झाली आणि ती समजण्यासारखी होती, कारण पैशामुळे नाकारलेल्या मुलाला नकाराचं खरं कारण कधीच कळत नाही. तरीही या दोघांत निवड करायची तर मी दुसऱ्या कॉलेजाला अधिक प्रामाणिक म्हणेन. ते आपल्या तिजोरीची मर्यादा स्वतः पत्करतं, अठरा वर्षांच्या मुलावर ढकलत नाही.

परदेशी अर्जदारांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक कॉलेजांचं नीड-ब्लाइंड धोरण फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि २०२२ पासून डार्टमथ ही परदेशी विद्यार्थ्यांनाही दोन्ही आश्वासनं देणाऱ्या मोजक्या कॉलेजांपैकी काही नावं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. गरज न पाहणं म्हणजे श्रीमंती न पाहणं नव्हे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं लेगसी प्राधान्य आणि मोठ्या देणगीदारांच्या मुलांची होणारी वेगळी दखल, या दोन्ही गोष्टी नीड-ब्लाइंड कॉलेजातही चालू शकतात. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात आयव्ही-प्लस कॉलेजांत, म्हणजे आयव्ही लीगची आठ आणि एमआयटी, स्टॅनफर्ड, ड्यूक, शिकागो अशा बारा कॉलेजांत, पोचतात. त्यामागे लेगसी आहे, खेळाडूंची भरती आहे, अभ्यासेतर बाबींना दिलेलं वजनही आहे.

हाच मुद्दा २०२२ मध्ये कोर्टात गेला. १९९४ च्या कायद्याने नीड-ब्लाइंड कॉलेजांना मदतीचं समान सूत्र एकत्र बसून ठरवायची सवलत दिली होती. काही कॉलेजं श्रीमंत देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप देत होती, म्हणजे ती नीड-ब्लाइंड नव्हतीच, तेव्हा ही सवलत त्यांना लागू होत नाही, असा दाव्यातला आरोप. शिकागो, येल, ड्यूक, कोलंबिया यांच्यासह अनेकांनी चूक मान्य न करता पैसे देऊन तडजोड केली.

दोन्ही आश्वासनं पाळूनही लेगसीला जागा न देणं शक्य आहे. ॲमहर्स्टने २०२१ मध्ये लेगसी प्राधान्य बंद केलं आणि एमआयटीही ते देत नाही.