गाठोड्याचा भार मानेवर, ठणका कपाळात

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावात संध्याकाळी घरोघरी एकच दृश्य दिसते. दिवसभर वाकून वेचणी करून आणि वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावर वाहून आलेली बाई ओसरीवर टेकते, पदराने कपाळ करकचून आवळते आणि म्हणते, "आज तं मेंदूच दुखून राह्यला माहा." तिच्या दुखण्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही; मात्र दुखणारा अवयव मेंदू नव्हे.

साऱ्या शरीराच्या वेदनेची दखल घेणाऱ्या मेंदूत स्वतःची वेदना टिपणारे मज्जातंतूच नसतात. ब्रॉन्सन रे आणि हॅरल्ड वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या डोक्यातील एकेक भाग डिवचून पाहिला आणि १९४० साली त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मेंदूला स्पर्श केला तरी रुग्णाला काही दुखत नसे; पण मेंदूच्या तळाच्या मोठ्या धमन्या किंवा मेंदूवरील जाड आवरणाचे काही भाग ओढले की तो कळवळे आणि दुखणे कपाळात किंवा डोळ्यामागे असल्याचे सांगे.

आत ओढले तर बाहेर कपाळ का दुखावे? या प्रश्नाचे उत्तर मला डोकेदुखीच्या साऱ्या शास्त्रात सर्वांत सुंदर वाटते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी त्रिशाखी मज्जातंतूंची. कपाळ, डोळे, दात आणि मेंदूच्या आवरणाचा बराचसा भाग यांच्या वेदनेचे संदेश तीच वाहते. तिचे तंतू मेंदूच्या देठातून खाली उतरत थेट मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या टोकापर्यंत जातात आणि तेथील ज्या पेशींशी जोडले जातात, त्याच पेशींवर मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे संदेशही येऊन पडतात. दोन नाल्यांचे पाणी नदीला मिळाले की खालच्या गावच्या माणसाला कोणते पाणी कोणत्या नाल्याचे, हे सांगता येत नाही. तशीच त्या पेशींपुढच्या मेंदूची गत होते. गाठोड्याच्या भाराने आणि वाकून राहण्याने मानेचे स्नायू ताठरतात, संदेश तेथून निघतो आणि मेंदू त्याचा पत्ता कपाळाचा लावतो. म्हणून कपाळाला बाम चोळण्याइतकेच मान शेकण्यालाही महत्त्व आहे. कपाळ आवळल्याने बरे वाटते तेही भ्रम म्हणून नव्हे, कारण दाबाचे संदेश वेदनेच्या संदेशांना काही प्रमाणात अडवतात.

अर्धशिशीचा प्रकार निराळा. तिच्यात त्रिशाखी मज्जातंतूची टोके सीजीआरपी नावाचे, ३७ अमिनो आम्लांचे एक रसायन सोडतात. त्याने आवरणातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचा मार्ग इतका हळवा होतो की एरवी न जाणवणारे नाडीचे ठोकेही घणासारखे वाटतात, खाली वाकले की डोके फुटेलसे होते. पुढे मज्जारज्जूच्या टोकाच्या त्या पेशीही हळव्या झाल्या की केसांतून फणी फिरवणेदेखील सोसत नाही. केवळ रक्तवाहिन्या फुगल्याने अर्धशिशी होते, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. सीजीआरपीचे काम रोखणारी इंजेक्शने अमेरिकेत २०१८ साली मान्य झाली, आणि या संशोधनासाठी २०२१ चे ब्रेन प्राइझ हे मेंदू-संशोधनाचे पारितोषिक चौघा शास्त्रज्ञांना मिळाले.

उपचार न केलेली अर्धशिशी प्रौढांमध्ये साधारण ४ ते ७२ तासांत आपोआप ओसरते. दुसऱ्या दिवशी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि तिसऱ्या दिवशी डोके उतरले, तर श्रेय आयतेच मांत्रिकाच्या पदरात पडते. त्याची दक्षिणा खरे तर घड्याळाला द्यायला हवी. किराणा दुकानातल्या गोळीचे मात्र असे हसून सोडून देता येत नाही. आधीच डोकेदुखीचा त्रास असलेल्या माणसाने साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच रोजची डोकेदुखी मागे लावू शकते, आणि ती थांबवताना पहिले काही दिवस डोके आणखीच ठणकते.