पार्श्वभूमी : ‘सातवं लागलंय’ म्हणजे नेमका कुठला गट?

शाळेनंतरच्या वर्गाच्या फॉर्मवर ‘वयोगट’ हा रकाना असतोच. आजी सांगते, ‘सातवं लागलंय.’ आई लिहिते ६. वर्गाच्या ताई विचारतात, ‘पूर्ण की चालू?’ प्रश्न रास्त आहे. ४ ते ६ ची पोरं सतरंजीवर माती मळत बसतात, ६ ते ८ ची गृहपाठाला. सहाचा आकडा दोन्हीकडे आहे. आजीच्या हिशेबानं सहा पूर्ण होऊन सातवं सुरू आहे. मात्र दुसऱ्या घरातून कुणी ‘सहावं चालू’ असं सांगितलं आणि फॉर्मवर ६ च लिहिलं, तर ते मूल प्रत्यक्षात पाच वर्षांचं असतं. एकच आकडा, पण वर्षभराचा फरक.

आपल्याकडे वयाचा हिशेब मुळातच सैल होता. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचला की पोरगं शाळेत जायचं आणि गुरुजी जन्मतारीख १ जून टाकायचे. जन्मनोंदणीचा देशभरासाठीचा कायदा १९६९ चा. बोर्डीत १९४५ ला सुरू झालेल्या आणि पुढे कोसबाडला गेलेल्या बालशिक्षणाच्या कामात तर धाकटं भावंड कडेवर घेऊन आलेली मुलगीही सामावून घेतली जाई. पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच आवारात. दिल्लीत १९५६ ला बालभवन सुरू झालं ते ५ ते १६ अशा ऐसपैस वयासाठी. तिथे मुलांची विभागणी आवडीनं व्हायची.

शहरातल्या पाळणाघरांत गट पाडायचं काम बरीच वर्षं शाळेच्या सत्रानं केलं, असं माझं मत आहे. ज्यांची शाळा सकाळची ती पोरं दुपारी एकला जेवायला हजर, दुपारच्या सत्राची साडेपाचला दप्तर फेकत येणार. एका वेळी आलेली ती एका गटातली. बहुतेकदा वयंही जुळत. कुणी जन्मदाखला मागत नसे.

दाखल्याचं महत्त्व वाढलं ते शिक्षण हक्क कायद्यानंतर. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ ही चौकट आणि वयानुरूप वर्ग आला. मग पहिलीच्या प्रवेशासाठी सहा पूर्ण धरायची कुठल्या तारखेला, हा वाद. राज्यात आधी ३० सप्टेंबर धरत. २०२० मध्ये ती तारीख ३१ डिसेंबरपर्यंत नेली. पालकांच्या एका गटाला हे हवंच होतं, कारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचं वर्ष ‘वाया’ जात होतं. वाया कसलं, एक वर्ष जास्त खेळायला मिळत होतं. पण ते कुणाला पटवणार? परिणाम असा की ३१ डिसेंबरला जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाचचंही नसतं आणि त्याच पहिलीतलं, त्याआधीच्या १ जानेवारीचं, जवळजवळ साडेसहाचं असतं. केंद्र सरकारचं म्हणणं याउलट, पहिलीत येतानाच सहा पूर्ण हवीत.

शाळेनंतरच्या वर्गांना यातलं काहीच बंधनकारक नव्हतं. तरी त्यांनी शाळेची तारीख जशीच्या तशी उचलली, कारण पालक इयत्ता सांगतात, वय नाही. म्हणून ‘पहिली-दुसरी गट’ अशी पाटी लागते आणि खाली कंसात ६ ते ८. त्या गटातलं धाकटं पोर साडेचारला पोहे खाता खाता पेंगतं, मोठं पाढे म्हणत असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय आला. झोपेच्या दृष्टीनं चांगलाच. पण सकाळी भरणाऱ्या ज्या शाळांनी वेळ पुढे सरकवली, तिथल्या पोरांची एकची पंगत मोडली. लहानगी आता उशिरा, मोठ्यांच्या वेळेला येऊन टेकतात, तेव्हा सत्राच्या आधारानं पडणारे गट आपोआप पडेनासे झाले. ताईंनी फॉर्ममध्ये नवा रकाना घातलाय : ‘१ जूनला पूर्ण वर्षे व महिने’.