हार्वर्ड फटीग लॅबोरेटरी

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा (१९२७–४७). व्यायाम शरीरक्रियाशास्त्रात (व्यायामात शरीर कसे काम करते याच्या शास्त्रात) आज पीएच.डी. करणाऱ्याची गुरुपरंपरा मागे शोधत गेले, तर ती पुष्कळदा येथवर येऊन पोहोचते. ही प्रयोगशाळा होती मात्र बिझनेस स्कूलमध्ये, मॉर्गन हॉलच्या तळघरात. मूळ प्रश्न खेळाडूंचा नव्हताच; कारखान्यातला कामगार का थकतो, हा होता.

जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स हेंडरसन हे तिचे प्रवर्तक, तर रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस डिल हे संचालक. ट्रेडमिल आणि तापमान हवे तसे राखणारी खोली तळघरात होती, पण ही मंडळी चार भिंतींत मावणारी नव्हती. १९३२ च्या उन्हाळ्यात त्यांनी नेवाडाच्या वाळवंटात, हूव्हर धरणाच्या परिसरात, घामाचा आणि उष्णतेचा अभ्यास केला. १९३५ मध्ये ती चिलीच्या अँडीज पर्वतात ६,००० मीटरच्या वर पोहोचली. तेथील गंधकाच्या खाणीतले मजूर सुमारे ५,३०० मीटरवर राहत आणि रोज चढून ५,८०० मीटरवर कामाला जात; वरच मुक्काम करायला मात्र ते तयार नव्हते. विरळ हवेत माणूस कायमचा किती उंचीवर राहू शकतो, याचे उत्तर उपकरणांआधी या मजुरांनी दिले होते, असे म्हणायला हरकत नाही.

इटलीचे रोडोल्फो मार्गारिया येथे पाहुणे संशोधक होते. व्यायामानंतर जादा श्वास घेऊन फेडावे लागणारे सगळेच ‘ऑक्सिजनचे कर्ज’ लॅक्टिक आम्लामुळे (जोरदार श्रमात स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लामुळे) होत नाही, हे त्यांनी डिल व सहकारी एडवर्ड्स यांच्यासह १९३३ मध्ये दाखवले. सिड रॉबिन्सन यांनी ६ ते ९१ वर्षे वयाच्या पुरुषांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून वयानुसार क्षमता कशी घटते ते मोजले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्याचे कपडे आणि शिधा यांवरच्या कामाने प्रयोगशाळा व्यापली. हेंडरसन १९४२ मध्ये वारले, युद्ध संपले आणि १९४७ मध्ये ती बंद झाली. काही माणसे तर त्याआधीच पांगली होती, पण जातील तिथे काम सुरू राहिले: रॉबिन्सन इंडियाना विद्यापीठात, अँसेल कीज मिनेसोटात, चिली मोहिमेतले डेन्मार्कचे ख्रिस्टेन्सेन स्टॉकहोमला गेले आणि पुढे नामवंत झालेले व्यायाम शरीरक्रियाशास्त्रज्ञ पेर-ओलोफ ऑस्ट्रांड त्यांच्या हाताखाली तयार झाले.

आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असते ते १९४३ च्या ‘हार्वर्ड स्टेप टेस्ट’मुळे: २० इंची पायरी, मिनिटाला ३० चढउतार, जास्तीत जास्त ५ मिनिटे, मग नाडीची मोजणी आणि त्यावरून तंदुरुस्तीचा अंदाज. बुटक्या विद्यार्थ्याला ही पायरी जड जाते, ही तक्रार रास्तच आहे.