अंड्यांसाठी कोंबडा लागतोच का?

‘कोंबडा पाळला नाही तर कोंबड्या अंडी देत नाहीत’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. समज स्वाभाविक आहे, पण खरा नाही. अंडं कोंबडीच्या शरीरात आपसूक तयार होतं, साधारण २४ ते २६ तासांत. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी.

पडताळायचं असेल तर अंडं फोडून बलकावरचा पांढरट ठिपका बघा. भरीव, वेडावाकडा असेल तर अंडं अफलित, म्हणजे कोंबड्याशिवाय तयार झालेलं. भोवती वर्तुळ दिसलं तर फलित. (कोंबडा नुकताच वेगळा केला असेल तर थांबा, त्यानंतरही दोनेक आठवडे फलित अंडी येऊ शकतात.)

मग अंडी अचानक का थांबतात? पिसं झडत असतील, दिवस लहान झाला असेल किंवा कोंबडी खुडूक झाली (अंडी उबवायला बसली) असेल. आधी तिकडे बघा.